एकशे चाळीसवर, साडेतीन तास

जमियातल्या रिफअतनं
नईमी मेंढीची अख्खी बाजू फळीवर टाकली
तसा तात्यांनी काचेवरून हात घातला
आणि अंगठ्यानं चरबी दाबून पाहिली.
"वर्षाच्या आतलं आहे," मला म्हणाले.
रिफअतला मराठी येत नाही, तात्यांना अरबी.
तरी त्यानं सुरी पुसली, मूठ पुढे केली,
आणि चाळीस वर्षं लोणंदला ठोकळ्यामागे उभा राहिलेला माझा बाप
व्हिजिट व्हिसाच्या अकराव्या दिवशी
सालमियात पहिल्यांदा ताठ उभा राहिला,
कण्याला लागून एकच रेघ मारली.
सुरी परत देताना धार कमी आहे असं खुणेनं सांगितलं.

हाडांच्या आतल्या बाजूला एक पापुद्रा असतो,
ओल्या पतंगाच्या कागदासारखा.
टोकानं कोपरा सोडवायचा,
कागदी रुमालात धरायचा, ओढायचा.
एका दमात निघाला तर दिवस चांगला.
माझा तीनदा फाटला.
तात्या दारातून बघत होते, बोलले नाहीत,
हे त्यांच्या मानानं फार झालं.

मीठ रात्रीच चोळून ठेवलं.
सकाळी कांदा-लसूण मसाला, बरणीच्या तळाचा, खडे झालेला,
खजुराचा काळा पाक, इथे त्याला दिब्स म्हणतात,
आणि एक वाळलेलं काळं लिंबू फोडून.
फॉइलमध्ये घट्ट.
ओव्हन एकशे चाळीसवर.

"किती वेळ?"
साडेतीन तास.
"साडेतीन तासात मी दोन बोकडं सोलून
दुकान धुऊन घरी यायचो."

मग खुर्ची ओढून ओव्हनसमोर बसले,
आतल्या पिवळ्या दिव्याकडे बघत,
ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसावं तसे.
बाहेर जुलै. खिडकीच्या काचेला बोट टेकवत नव्हतं.
दोन इमारतींच्या फटीत समुद्राची एक चिंधी,
विटलेली.

आमच्याकडे बरगडी विकायची असायची, खायची नाही.
घरी यायचे खूर, मुंडीतलं काहीबाही,
आणि उरलंसुरलं गुरुवारी.
तात्या आकड्याला लावतानाच नग मोजायचे.
भावानं एकदा एक लांबवली,
रात्री दिवा न लावता तात्यांनी ती त्याच्या दप्तरातून काढली.
वासावरून, म्हणाले.

खालची कवळी नवीन आहे, बसत नाही.
अकरा दिवस ते दूध-चपाती कालवून खातायत
आणि भूक नाही म्हणतायत.
एकशे चाळीसचं कारण ते आहे. हे मी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर म्हणाले असते,
मग पेज कर की.

शेवटी फॉइल उघडली, रस आटवला,
त्यात आणखी पाक, पुन्हा वरून लावला, वरची जाळी तापवली.
कडा काळ्या पडल्या, मध्ये लाल बुडबुडे.
धूर हवाच होता.
छतावरच्या अलार्मला मी अंघोळीची टोपी घातली,
वाटीत निखारा, त्यावर तूप,
आणि झाकण.
तात्या हसले. कवळी हलली.
ती त्यांनी काढून पेल्यात ठेवली, फ्रिजवर,
मी पाठ वळवेपर्यंत थांबून.

पहिली बरगडी उचलली,
तर हाताशी नुसतं हाड आलं,
मांस ताटातच राहिलं.
पांढरं, कोरडं हाड त्यांनी उजेडात फिरवून पाहिलं.
"निसटलंच की हे."
तक्रार की काय, कळेना.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
हनुवटीवरून पाक ओघळत होता, त्यांनी पुसला नाही.

जेवण झाल्यावर हाडं ताटाच्या कडेला लावली,
लांबीप्रमाणे, आखूड शेवटी.
माझ्या ताटातली घेतली, जावयाच्याही.
बोट ठेवत मोजली.
"बारा," म्हणाले. "एका बाजूला तेरा असतात.
त्या मिसऱ्यानं एक मारली."

मी ताटं उचलली.
दोन वाजता, ओट्याशी उभ्यानं,
शिजलंय का ते बघायला म्हणून.
हाड एप्रनच्या खिशात होतं, अजून चिकट.

"सुले," मागून आवाज आला,
"बरी झालीय का तेरावी?"